वल्हांडण: वल्ह्याचा की ओलांडण्याचा?

प्रश्न असा आला आहे: "मराठी बायबलात 'वल्हांडण' नावाचा सण येतो. इस्राएल लोक तांबडा समुद्र पार करून गेले, म्हणजे वल्ही मारत पलीकडे गेले, त्यावरून हे नाव पडले का? आणि ज्यू मंडळी आज हाच शब्द वापरतात का?"

वल्ह्याशी या शब्दाचा संबंध नाही. शंका मात्र अगदी स्वाभाविक आहे, कारण 'वल्हां' एवढे कानावर पडले की डोळ्यांपुढे होडीच येते. पण वल्ह्यावरून क्रियापद होते ते 'वल्हवणे'. त्याचे नाम केलेच असते तर 'वल्हवण' झाले असते. मध्ये 'ड' शिरायला जागा नव्हती. शिवाय कथाही तसे म्हणत नाही. समुद्राचा प्रसंग 'निर्गम' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तिथे होडी नाही, नावाडी नाही. उजव्या-डाव्या हाताला पाण्याच्या भिंती आणि मधल्या कोरड्या जमिनीवरून लोक पायी चाललेले. सणाचा विधी त्याच्याही आधी, बाराव्या अध्यायात, लोक अजून मिसर देशातच (म्हणजे इजिप्तमध्ये) असताना सांगितला आहे.

शब्द आला तो 'वल्हांडणे'वरून, आणि वल्हांडणे म्हणजे आपले ओलांडणेच. शब्दारंभीचा 'ओ' बोलीत 'व' होतो: ओढ-वढ, ओला-वला, ओटा-वटा, ओसरी-वसरी. तसेच ओलांडणे-वलांडणे, आणि त्यातल्या 'ल'ला 'ह' चिकटला की वल्हांडणे. लहानपणी मी जमिनीवर आडवा पडून वाचत असे. धाकटा भाऊ पायांवरून उडी मारून गेला की आजी ओरडायची, "वलांडू नको रे त्याला, वाढायचा नाही तो!" मग भावाला पुन्हा उलटे ओलांडायला लावायची. 'वल्हांडण' पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजीचा तो आवाजच ऐकू आला. शेवटचा '-ण' तर ओळखीचाच: दळणे-दळण, वळणे-वळण, भांडणे-भांडण.

मग कोणी कोणाला ओलांडले? परमेश्वराने धाडलेल्या नऊ पीडा येऊन गेल्या तरी मिसरचा राजा फारो इस्राएलांना गुलामीतून सोडायला तयार नव्हता. दहावी पीडा म्हणजे मिसर देशातल्या प्रत्येक प्रथमपुत्राचा मृत्यू. त्या रात्रीसाठी इस्राएलांचा पुढारी मोशे याने लोकांना सांगितले, की महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रत्येक घराने एक कोकरू निवडून ठेवावे, चौदाव्या दिवशी संध्याकाळी ते कापावे आणि एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावावे. (दाराच्या वरच्या आडव्या लाकडाला 'कपाळपट्टी' म्हणणाऱ्या मराठीचा मला फार अभिमान वाटतो.) मांस विस्तवावर भाजून, बेखमीर (न आंबवलेली) भाकरी आणि कडू भाजीबरोबर खावे, तेही कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन, घाईघाईने. ते रक्त पाहून परमेश्वर ते घर ओलांडून पुढे जाईल.

म्हणजे या शब्दातले पाऊल माणसांचे नाही, परमेश्वराचे आहे. प्रश्नकर्त्याची गल्लत खरी इथे झाली आहे. पण असे वाटणारे ते पहिले नव्हेत. अलेक्झांड्रियाचा ज्यू विचारवंत फायलो यानेही ग्रीकमध्ये या सणाचा अर्थ 'पार जाण्याचा सण' असा लावला होता.

हिब्रू शब्द आहे 'पेसाह', आणि धातू 'पासाह'. या धातूचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा लोकांना विचारतो, की दोन मतांमध्ये किती दिवस लंगडत राहणार? तिथे हाच धातू आहे. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी अधू होता. त्याच्यासाठी वापरलेला 'लंगडा' हा शब्दही याच अक्षरांचा. म्हणजे मुळात एक पाय उचलून टाकण्याची, मधले काही सोडून जाण्याची हालचाल दिसते. पण यशया संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायात पाखरे घिरट्या घालतात तसा परमेश्वर यरुशलेमेचे रक्षण करील असे म्हटले आहे, आणि तिथेही 'पासाह' येतो. तो अर्थ धरला तर त्या रात्रीचे चित्रच पालटते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात पुढे असेही आहे, की परमेश्वर नाश करणाऱ्याला तुमच्या घरात शिरू देणार नाही. मग तो घर सोडून पुढे गेला, की दारावर पाखर घालून उभा राहिला? अभ्यासकांत दोन्ही मते आहेत. मला स्वतःला दुसरे चित्र अधिक भिडते. तरीही शब्द म्हणून मी 'वल्हांडण'च्याच बाजूचा आहे.

याचे एक कारण शेजारच्या भाषांत सापडते. हिंदी बायबलात 'फसह' आहे, गुजरातीत 'पास्खा', तमिळमध्ये 'पस्का', मल्याळममध्ये 'पेसहा'. या सर्वांनी मूळ नाव आपापल्या उच्चारात घेतले. बंगालीने 'निस्तारपर्व' केले, म्हणजे सुटकेचा अर्थ घेतला. त्यात पाऊल नाही. मराठीने क्रियाच उचलली, आणि तीही घरातली. इंग्रजीत विल्यम टिंडेलने १५३० साली 'पासओव्हर' हा शब्द रूढ केला, त्या जातीचे हे काम आहे.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. मराठीत 'उंबरठा ओलांडणे' म्हणजे आत येणे किंवा बाहेर पडणे. नवी सून उंबरठा ओलांडून घरात येते. वल्हांडणात उंबरठा ओलांडलेलाच नाही; ओलांडले आहे ते अख्खे घर. वाचताना 'घर गाळून पुढे गेला' असे मनात धरले तर अर्थ चुकत नाही.

नव्या करारात या शब्दावर आणखी भार येतो. हिब्रूत सण, त्या रात्रीचे जेवण आणि कापलेले कोकरू या तिन्हींना 'पेसाह'च म्हणतात. 'पेसाह खाणे' हा सरळ प्रयोग आहे. मराठीला तिथे 'वल्हांडणाचे भोजन', 'वल्हांडणाचा कोकरा' अशी जोड द्यावी लागते. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशू माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर जे शेवटचे भोजन करतो ते वल्हांडणाचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात वेळ वेगळी आहे: येशूला क्रुसावर देतात तो सणाच्या तयारीचा दिवस, म्हणजे कोकरे कापण्याचा. प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, की ख्रिस्त हाच आपला पेसाह, त्याचा बळी झाला आहे. ग्रीक 'पास्खा' पुढे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचे नाव झाले, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले, आणि म्हणून कोकणीत ईस्टरला आजही 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. 'पास्खा'चे नाते 'दुःख सोसणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडणारेही दुसऱ्या शतकात होते. ती व्युत्पत्ती वल्ह्याइतकीच चुकीची, पण मनाला भिडणारी.

आता दुसरा प्रश्न. मराठी ज्यू म्हणजे मुख्यत्वे कोकणातले बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या बोलीत या सणाचे जुने नाव 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट रस्सा ठेवायचे मडके. सणात ते झाकून ठेवायचे. आंबवलेले काहीही चालत नाही हा नियम त्या नावात जपला गेला, मिसरातली रात्र नावात नाही. आज मात्र घरोघरी 'पेसाह' म्हणतात.

त्या रात्री वाचायची हग्गादा पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. हग्गादेत रब्बान गम्लिएल या प्राचीन ज्यू धर्मगुरूंचे एक वचन आहे: पेसाह, मत्सा आणि मारोर या तिन्हींचा अर्थ ज्याने सांगितला नाही त्याने सणाचे कर्तव्य पुरे केले नाही. मत्सा म्हणजे ती बेखमीर भाकरी, मारोर म्हणजे कडू भाजी. पेसाहचा अर्थ तिथे दिला आहे तो हाच, की आमच्या पूर्वजांची घरे देवाने ओलांडली. शब्द कुठून आला हे विचारणे हा या सणाचा भागच आहे, आणि पहिले प्रश्न घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे असतात.

लिहिताना मी असे करतो: बायबलातल्या प्रसंगाबद्दल असेल तर वल्हांडण, आजच्या ज्यू घरातल्या सणाबद्दल असेल तर पेसाह. सामान्यरूप 'वल्हांडणा-': वल्हांडणाची रात्र, वल्हांडणाच्या आदल्या दिवशी. आणि 'व्ह' नव्हे, 'ल्ह'. 'वव्हांडण' असे छापलेले मी दोनदा पाहिले आहे.