पाचव्या जागी सिव्हिल टाकावं का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. मॅथ्स, फिजिक्स आणि आर्ट हे तिचे ए-लेव्हलचे (इथल्या बारावीचे) विषय. तिला आर्किटेक्चरच करायचंय. यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जातल्या चार जागा ठरल्या आहेत. पाचवी जागा सुरक्षित म्हणून सिव्हिल इंजिनिअरिंगला द्यावी असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे. ती अजिबात ऐकत नाही. रोज जेवताना वाद होतात. काय करावं?

उत्तर: बाबांची काळजी रास्त आहे, पण या उपायाने ती मिटणार नाही.

यूकासला पाच पर्याय देता येतात, अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) मात्र पाचही ठिकाणी एकच जातं. 2026च्या प्रवेशापासून त्यात तीन प्रश्न असतात आणि तिन्ही मिळून 4,000 अक्षरांची मर्यादा आहे. हाच विषय का, हा त्यातला पहिलाच प्रश्न. आता तिने तिथे घरं, उजेड, रेखाटनं यांबद्दल लिहिलं, तर सिव्हिलवाल्यांना वाटणार, ही आमच्याकडे यायला उत्सुक नाही. दोन्हीकडचं थोडं थोडं लिहिलं, तर आर्किटेक्चरच्या चारही जागांची बाजू लंगडी होते. तुमचे बाकीचे पर्याय कोणते हे विद्यापीठांना निर्णय होईपर्यंत कळत नाही. मजकुरावरून मात्र अंदाज येतोच. काही विद्यापीठं दुसऱ्या विषयासाठी वेगळं निवेदन स्वीकारतात. सिव्हिल टाकायचंच असेल तर आधी तिथे मेल करून विचारा.

माझ्या मते पाचवी जागाही आर्किटेक्चरलाच द्यावी, फक्त कमी ग्रेड मागणाऱ्या विद्यापीठात. सगळ्या ऑफर आल्या की त्यातल्या दोनच हातात ठेवता येतात: एक फर्म (पहिली पसंती), एक इन्शुरन्स (राखीव). फर्मचे ग्रेड हुकले आणि इन्शुरन्सचे जमले, तर इन्शुरन्सची जागा पक्की होते. दोन्हीकडे सारखेच ग्रेड मागितले असतील तर तो इन्शुरन्स नावापुरता. आपल्या घरांमध्ये ही चूक फार होते, कारण पाचही नावं ‘चांगलीच’ हवीत असा हट्ट असतो. तिच्या ठरलेल्या चार जागांच्या अटी आज एका कागदावर मांडून बघा. बहुधा चारही एकाच पायरीवर असतील.

आता कमी ग्रेड म्हणजे कमी दर्जाची पदवी, असं इथे नसतं. तपासायची ती मान्यता. आपल्याकडे सलग पाच वर्षांचं बी.आर्क. असतं. इथे साधारण तीन वर्षांची पदवी म्हणजे पार्ट 1, मग बहुतेक जण एक वर्ष ऑफिसात काम करतात, पुढे दोन वर्षांचा पार्ट 2 आणि शेवटी पार्ट 3. त्यानंतर एआरबी या आर्किटेक्टांच्या नोंदणी मंडळाकडे नोंदणी झाली की मगच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. 1997च्या कायद्यानेच तसं बंधन घातलंय. एआरबी सध्या ही चौकट बदलतेय आणि भर पार्ट 1 वरून मास्टर्सच्या टप्प्याकडे सरकतोय, तेव्हा मान्यतेबद्दल एआरबीची ताजी माहितीच वाचा.

अभ्यासक्रमाच्या नावावर तर मुळीच जाऊ नका. कार्डिफची पदवी ‘आर्किटेक्चरल स्टडीज’ या नावाची आहे आणि ती पार्ट 1 आहे. लंडनच्या यूसीएलमध्ये ‘आर्किटेक्चरल अँड इंटरडिसिप्लिनरी स्टडीज’ आहे, ती नाही. आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी हा तर वेगळाच व्यवसाय, त्याची संस्थाही वेगळी. यातलं काहीच वाईट नाही, पण तीन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

एक मात्र तिलाच विचारा, आणि बाबा समोर नसताना: इमारतीत तिला नेमकं काय ओढतं? ती उभी कशी राहते, हे बघण्यात रमत असेल तर इंजिनिअरिंग ही तडजोड ठरत नाही. बाथमध्ये आर्किटेक्चर आणि सिव्हिल एकाच विभागात शिकवतात. शेफील्डला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर असा जोडअभ्यासक्रम आहे. अशा ठिकाणी तेच निवेदन बऱ्यापैकी चालून जातं. पण आकाराची, जागेची, तिथे वावरणाऱ्या माणसांची ओढ असेल आणि तिला सिव्हिलला बसवलं, तर पहिल्याच वर्षी फोन येईल. गणित येतं म्हणून ते आवडतं असं नाही. हे आपल्या पिढीला पटायला जरा जडच जातं.

बाबांना हेही सांगा की सिव्हिलचं दार आज बंद होत नाहीये. मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही असल्यामुळे निकालानंतर क्लिअरिंगमध्ये, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्याच्या फेरीत, इंजिनिअरिंगच्या जागा तिला शोधता येतील. पाचही पर्याय वापरून एकही ऑफर हातात नसेल तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून यूकास एक्स्ट्रा सुरू होतं, तिथे एका वेळी एक नवा पर्याय जोडता येतो, तोही वेगळ्या विषयाचा.

वेळ घालवायचाच तर पोर्टफोलिओवर घाला. बऱ्याच ठिकाणी तो मागतात, आणि प्रत्येकाची पानांची मर्यादा आणि पाठवायची पद्धत निराळी असते. पाचव्या जागीही आर्किटेक्चरच टाकलं, तर तेच काम थोडं बदलून तिथेही पाठवता येईल.

आणि या आठवड्यात एकमत झालंच नाही तर चार पर्यायांवर अर्ज पाठवा. पाचही भरायलाच हवेत असा नियम नाही. उरलेला पर्याय नंतर जोडता येतो, मात्र आलेल्या ऑफरना उत्तर देण्याआधी, आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथेच.