विद्यार्थी व्हिसावरून ग्रीन कार्डाकडे जाताना
आपण अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असाल आणि पतीमार्फत ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळवायचा असेल, तर आपले पती अमेरिकेचे नागरिक आहेत की केवळ ग्रीन कार्डधारक, हे आधी स्पष्ट करावे, कारण पुढचे बरेचसे त्यावरच ठरते. नागरिकाच्या जोडीदाराने देशात रीतसर प्रवेश केलेला असल्यास आय-१३० (पती-पत्नीचे नाते दाखवणारा) आणि आय-४८५ (अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागणारा) हे अर्ज एकत्र दाखल करता येतात. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र व्हिसांच्या वार्षिक मर्यादेमुळे थांबावे लागू शकते आणि तोवर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जा सांभाळावा लागतो.

सर्वांत महागात पडते ती प्रवासाची चूक. आय-४८५ प्रलंबित असताना ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ (परदेशी जाऊन परत येण्याची पूर्वपरवानगी) हाती नसताना आपण भारतात गेलात, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) धारकांना असलेली सवलत एफ-१ला नाही. दिवाळीचे तिकीट त्यामुळे आत्ताच काढू नये, सासूबाईंचा आग्रह कितीही असला तरी.

विवाह महाराष्ट्रात झाला असल्यास लग्नपत्रिका नव्हे, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे आणि त्यातील मराठी मजकुराचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे. लग्नाच्या अल्बमपेक्षा संयुक्त बँक खाते आणि दोघांच्या नावचा भाडेकरार अधिक वजनदार ठरतो, असे माझे मत आहे. मंजुरीच्या दिवशी विवाहाला २ वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड २ वर्षांचेच मिळते आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डावरील अट काढून घेण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरावा लागतो.