बार्टिझन म्हणजे बुरूज नव्हे

'स्कॉटलंडमधल्या किल्ल्यांवरचा लेख मराठीत करतेय. त्यात बार्टिझन सारखं येतं. बुरूज लिहिलं तर चालेल का?' असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नाही चालणार, आणि सोलापूरकराला तर मुळीच नाही. सिद्धेश्वर तलावाकाठचा आपला भुईकोट डोळ्यांपुढे आणा. त्याचे बुरूज जमिनीतूनच वर आलेत, पोट पुढे काढून. नळदुर्गाचा नवबुरूज घ्या, नऊ पाकळ्यांचा, पण प्रत्येक पाकळी पायापासून बांधलेली.

बार्टिझनला पायाच नसतो. तटाच्या वरच्या कोपऱ्यावर भिंतीतून दगड पुढे काढायचे आणि त्यांवर छोटीशी गोल कोठडी बसवायची. आत एखादाच पहारेकरी मावतो. पण कोपऱ्यावर असल्यामुळे त्याला डोकं बाहेर न काढता, जंगीतूनच, म्हणजे भिंतीतल्या गोळी झाडायच्या फटीतूनच, दोन्ही भिंतींचा पायथा न्याहाळता येतो. खाली कुणी शिडी लावायला आला की वरून टिपलाच. गोव्याला गेलात तर रेइश मागुशच्या किल्ल्यावर बघा, पोर्तुगिजांनी कोपऱ्यांवर अशाच कोठड्या काढल्यात. ते त्यांना ग्वारिता म्हणतात.

मग मराठीत काय म्हणावं? 'सज्जा' भिंतीबाहेर येतो खरा, पण सज्जात वाड्यातल्या बायका मिरवणूक बघायला उभ्या राहतात, बंदूकवाला नाही. 'मनोरा' फार उंच होतो. 'टेहळणी बुरूज' कामाला बरोबर, पण पुन्हा तोच पाया आला. मी 'बुरजी' म्हणेन; घंटाची घंटी, तशी बुरुजाची बुरजी. घरी बोलून बघितलं तर 'पावाबरोबर का?' असा प्रश्न आला. भुर्जीचा हा घोळ टाळायला पहिल्यांदा 'तटाच्या कोपऱ्यावरची अधांतरी बुरजी' असं लिहा, पुढे नुसती बुरजी पुरे.

नवा शब्द वापरायला कचरू नका. बार्टिझन तरी कुठे मध्ययुगातला आहे? लाकडी कठड्यासाठी असलेल्या जुन्या शब्दाचं एक वेडंवाकडं स्कॉटिश रूप कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने 19व्या शतकाच्या सुरुवातीला उचललं, आणि किल्ल्याच्या रुबाबाला शोभेल असं करून चालवलं. आपला बुरूज अरबी 'बुर्ज'वरून आलाय, वंशावळ त्याहून भक्कम.

एक मात्र सांभाळा. बुरूज लिहिताना 'रू' दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: बुरुजावर, बुरुजाचा. 'बुरूजावर' मी किल्ल्यांच्या पाट्यांवरसुद्धा वाचलंय.