घरी व्यायामाला ट्रेडमिल घ्यावी की जागेवरची सायकल?

जिना उतरताना गुडघे कुरकुरत असतील किंवा वजन बरंच जास्त असेल, तर ट्रेडमिलचा हट्ट सोडा, सरळ सायकल घ्या. कंबर दुखत असेल तर पाठीला टेकू असलेली रिकम्बंट बरी. रेझिस्टन्स, म्हणजे पेडल जड करणारा अडथळा, चुंबकीयच हवा. चाकाला घासून अडथळा देणारं पॅड झिजतं आणि आवाजही करतं.

ट्रेडमिलच हवी असेल तर ‘पीक’ हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका, ती ताकद क्षणभराची असते. ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत मिळणारी हॉर्सपॉवर किती, ते विचारा. चालण्यापुरती दीड-दोन पुरते, रोज धावायचं तर अडीचच्या वर बघा. पट्ट्याची लांबीही मोजा. उंच माणसाला धावताना १२० सेंटीमीटर अपुरे पडतात.

देखभालीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. प्लग काढून पट्टा कडेने उचला, खालच्या फळीवर बोट फिरवा. कोरडं लागलं तर सिलिकॉन तेल सोडा. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल अजिबात नको, मोटरवर ताण येतो. फ्लॅट असेल तर खाली जाड रबरी मॅट हवीच, खालच्या घरात धपधप ऐकू जाते हो!

आणि दुकानात बूट घालूनच जा, चांगली दहा मिनिटं चालून बघा. विक्रेता घाई करू लागला तर दुसरं दुकान गाठा.