खुलानाम्यात मुलांच्या खर्चावर पाणी सोडले असेल, तर तो पुन्हा मागता येतो का?

आपण विचारले आहे, की आपल्या बहिणीने दारुल कझासमोर (मुस्लिमांच्या खासगी धार्मिक निवाडा मंडळासमोर) खुला, म्हणजे पत्नीच्या मागणीवरून होणारा तलाक, घेताना 'मेहर व दोन्ही मुलांचा खर्च मागणार नाही' असे लिहून दिले, तर तो कागद आता आड येईल का. मी मडगावात वकिली करते आणि हे वाक्य अनेक खुलानाम्यांत वाचले आहे. ते आड येत नाही. मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने पत्नीला देऊ केलेली रक्कम, तिचा होता, म्हणून तो तिला सोडता आला. मुलांचा नफका, म्हणजे पालनपोषणाचा खर्च, मात्र मुलांचा हक्क आहे. आईने तो भार स्वतः उचलण्याचे कबूल केले आणि पुढे तिची ऐपत राहिली नाही, तर हनफी फिक्हप्रमाणेही (सुन्नी मुस्लिमांच्या हनफी परंपरेच्या धर्मशास्त्राप्रमाणेही) जबाबदारी वडिलांकडेच जाते. सुटका मिळवण्याच्या घाईत बाईकडून अशी ओळ लिहून घेतली जाते, याचा मला फार त्रास होतो.

दारुल कझाच्या निवाड्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. वडिलांनी पैसे थांबवले तर तिथून वसुलीचे वॉरंट निघत नाही. ते निघते मॅजिस्ट्रेटकडून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १२५ खाली. मुस्लिम मुलांचा हा हक्क आईच्या हक्कापेक्षा स्वतंत्र आहे, असे नूर सबा खातून खटल्यात १९९७ सालीच ठरले आहे. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

गोव्यापुरती एक गोष्ट सांगते. मुस्लिमांच्या विवाह-तलाकाला शरियत लागू करणारा १९३७ चा शरियत कायदा इथे लागू नाही, त्यामुळे विवाहाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे झाली असेल, तर नुसत्या खुलानाम्याने तो विवाह कायद्याने संपत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा हुकूम लागतो. मुलांच्या अर्जासाठी मात्र त्या हुकुमाची वाट पाहत बसू नये.

अर्जात एक ठोक आकडा मागून थांबू नका. इंडोनेशियात धार्मिक न्यायालये सरकारी आहेत, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार मुलांच्या खर्चात दरवर्षी १० ते २० टक्के वाढ धरायची असते, शिवाय शिक्षण व औषधोपचार त्या रकमेबाहेर ठेवायचे असतात. आपल्याकडे असा नियम नसला, तरी मागणी याच पद्धतीने मांडावी: महिन्याची रक्कम, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात, वार्षिक वाढ, आणि फी व दवाखान्याचा खर्च वेगळा. सोबत जन्मदाखले, फीच्या पावत्या, वडिलांच्या नोकरीचा जो पुरावा हाती असेल तो, आणि खुलानामासुद्धा जोडावा. तो लपवल्यास समोरचा वकीलच तो पुढे करील.

वकिलाच्या फीची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज जितका लांबेल तितके महिने मुलांच्या हातून जातील.