कापडावर ट्रान्सफर प्रिंटिंगसाठी इलेक्ट्रिक मशीन घ्यावं की ऑइलवालं? (सोलापूर, टी-शर्ट आणि टॉवेलचं काम)

आधी टॉवेलचं बोलतो, कारण खरी मेख तिथेच आहे. या ट्रान्सफरला, म्हणजे कागदावरचं चित्र उष्णतेने कापडावर उतरवायला, सब्लिमेशनची शाई लागते, आणि ती पॉलिएस्टरला धरते, सुताला नाही. आपल्याकडचा सुती टेरी टॉवेल कोणत्याही मशीनमध्ये घाला, दोन धुण्यांत रंग उतरणार. मायक्रोफायबर (पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांचा) टॉवेल असेल तरच पुढचं वाचा.

तयार टी-शर्ट, छातीवरचे लोगो, दिवसाला शे-दीडशे नग, एवढंच काम असेल तर साधं इलेक्ट्रिक फ्लॅट प्रेस (सपाट तापत्या पाट्याने दाबणारं मशीन) पुरे. लवकर तापतं, स्वस्त पडतं, बिघडलं तर गावातला इलेक्ट्रिशियनही बघू शकतो.

जर्सीचं कापड तागेच्या तागे छापायचं असेल तर मात्र रोलर मशीन (तापलेल्या गोल ड्रमवरून कापड सलग फिरवणारं), आणि तेही ड्रममध्ये गरम ऑइल असलेलं. साधारण २०० अंश तापमान ड्रमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं लागतं. नुसत्या हीटरवरच्या स्वस्त ड्रममध्ये कडा थंड राहिल्या की काळा रंग कडेला तपकिरी दिसतो, आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. ऑइल उष्णता सगळीकडे फिरवतं. तेही तापतं विजेवरच, त्यामुळे बिल वाचेल या भ्रमात राहू नका. सकाळी तापायला वेळ लागतो, म्हणून तासाभराच्या कामासाठी ते परवडत नाही.

वीज गेली की ड्रम थांबतो, पण तापलेलाच राहतो, आणि महागडं फेल्ट (कापड ड्रमवर दाबून धरणारा जाड पट्टा) करपतं. फेल्ट हाताने मागे घेता येतं का, हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादं चालू मशीन बघून, स्वतः फिरवून तपासा.