मनात आलं ते खरंच होतं का?

"मन सांगस ते खोटं नई ऱ्हास, ताई."

चोपडा तालुक्यातले केळी बागायतदार काका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा जळगावच्या एमआयडीसीत रात्रपाळीला मोटरसायकलने जातो. तो निघाला की काकांच्या छातीत धडधड सुरू: आज काहीतरी होणार. दोनदा तर त्याला जाऊच दिलं नाही. मुलगा म्हणतो, हे वेड. काकू म्हणतात, देवीचा इशारा. मनाचं ऐकावं की नाही, हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे पुष्कळ जण येतात. ईसीजी काढून झाला होता, हे बरं.

मी विचारलं, घड कापायला आला हे कसं कळतं?

"बघितलं की कळतं." मग हळूहळू निघालं: फळाच्या कडा बोथट होतात, गोलाई भरते, निसवणीपासूनचे, म्हणजे घड बाहेर पडल्यापासूनचे, दिवस डोक्यात असतातच. तीस वर्षं. चुकलं की व्यापारी त्याच दिवशी भाव पाडून दाखवतो. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन, एरवी विरुद्ध मतांचे दोन मानसशास्त्रज्ञ, 2009 साली एकत्र लिहिताना याच मुद्द्यावर आले: जिथे गोष्टी काही नियमाने घडतात आणि चूक लवकर कळते, तिथेच अंतर्मनाचा कौल भरवशाचा.

"मग रस्त्याचा कौल कधी तपासला?"

तीन आठवडे वही ठेवली. चौदा इशारे, एक पंक्चर. पंक्चर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं.

"वही खरी, ताई. पण धडधडही खरीच ना?"

घाई माझीच झाली होती. पुरावा डोक्याला पटला, छातीपर्यंत पोचलाच नाही. मग लांब उच्छ्वास शिकवला. थोडा उतार पडला.

चैत्रात ते सप्तशृंगी गडावर पायी जातात. मी कागदावर 'नवस' लिहून पुढे गेले होते. आता विचारलं, वाटेत काय मागता?

"पहिले दोन दिवस पोराचं सुख मागतो. मग पाय इतके दुखतात की मागायचंच राहून जातं. तेव्हा बरं वाटतं."

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ठरलं: मुलगा निघाला की बांधावरून अनवाणी एक फेरी, काहीही न मागता. पोचल्यावर त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा, मधे फोन नाही.

धडधड अजून येते, पण मुलाची रात्रपाळी चुकत नाही. काकू अजूनही इशाराच म्हणतात. वहीत आता ठिबकचे तास लिहिले जातात.